सुपडू नाना आणि तीन नंबरची मोरी

सुपडू नानांना कोणी ‘तो मोरीवाला’ म्हटलं की मी अजूनही बोलणाऱ्याला मध्येच थांबवतो. बायको म्हणते, जाऊ द्या, लोक वाईट अर्थाने म्हणत नाहीत. मला ते पटत नाही. सुरतजवळ मगदल्ल्याच्या ज्या ऑफिसात मी एकवीस वर्षं देखभालीचं रजिस्टर लिहितो आहे, तिथे हा शब्द कोण कसा उच्चारायचा ते मी या कानांनी ऐकलं आहे. इंजिनाचा मिस्त्री आला की खुर्ची पुढे व्हायची. वायरमन आला की चहा सांगितला जायचा. नाना आले की आमचे मॅनेजरसाहेब खिडकी उघडायला सांगायचे. नानांच्या शेजारी बसून मी शेकडो वेळा डबा खाल्ला आहे. त्यांच्या अंगाला कपडे धुवायच्या साबणाशिवाय कसलाही वास येत नसे. खिडकी कशासाठी उघडायची, ते मी साहेबांना एकदाही विचारलं नाही.

आमच्या कंपनीच्या चार टग आहेत. खोल समुद्रात मोठी जहाजं उभी राहतात, त्यांच्यातला कोळसा बार्जमध्ये उतरतो आणि ते बार्ज ओढत नदीत आणायचं काम या टग करतात. टगवर आठ माणसं राहतात, सलग बारा-बारा दिवस. तिथलं स्वयंपाकघर, संडास, न्हाणी, नळ, पंप हे सगळं नानांकडे. नाना मूळचे अमळनेरकडचे. सुरतेत येऊन त्यांना चाळीस वर्षं होऊन गेली होती, राहायला लिंबायतला, पण बोलणं घरचंच राहिलं होतं. गुजराती माणसाशी गुजराती, साहेबांशी हिंदी, आणि माझ्याशी निम्मी अहिराणी. मी नाशिकचा. सुरुवातीला मला त्यांचं निम्मंच कळायचं. उरलेलं ते हाताने दाखवायचे.

अंगाने काटकुळे, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. त्यांच्या पिशवीत सायकलच्या आऱ्याचा वाकवलेला आकडा, पडद्याची दीड हात स्प्रिंग, दात घासायचा जुना ब्रश आणि एक स्वच्छ फडकं असायचं. ॲसिडची बाटली कधी नसायची. मोरी तुंबली की ॲसिड ओतणाऱ्या माणसाबद्दल ते, आपण चोराबद्दल बोलतो त्या सुरात बोलत. त्यांचं म्हणणं असं की ॲसिड मळ काढत नाही, पुढे ढकलतं. जोडातलं रबर मात्र खातं. आणि टगच्या न्हाणीएवढ्या बंद जागेत त्याची वाफ माणसालाही खाते. त्यांची रीत ठरलेली होती. आधी जाळी उचलायची, आकड्याने केसांचा गुंता वर ओढायचा, स्प्रिंग फिरवत आत घालायची, ब्रशने कडा घासायच्या, मग एक बादली पाणी एकदम सोडायचं आणि ऐकायचं. पाणी जाताना शेवटी घशातून ओढल्यासारखा आवाज आला पाहिजे. तो आला की ते फडक्याला हात पुसत.

आम्ही उधन्याला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला नाना आले होते. बाकी पाहुणे फरशी, ओटा, गॅलरी पाहत होते. नानांनी प्रसाद घेतला आणि विचारलं, “मोरी कोठे शे?” बायकोला वाटलं त्यांना हात धुवायचे आहेत. ते आत गेले, बादली भरली, ओतली आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. बाहेर आल्यावर ते माझ्या बायकोला म्हणाले, “ताई, घर चांगलं शे. पन कोपऱ्याकडे उतार चुकेल शे. बिल्डरले आजच बलवा, तो गया का मग येत नही.” बायको दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून पाहिलं. आंघोळीनंतर कोपऱ्यात बोटभर पाणी नऊ मिनिटं उभं राहत होतं. बिल्डर अर्थातच तोवर गेला होता.

आमच्याकडे येण्याआधी नाना सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात होते. तिथून का सुटलात, असं मी एकदा विचारलं तर ते सहज सांगून गेले. रंगाच्या पाण्याची टाकी तुंबली होती. शेठने दोन मजूर आणले आणि झाकण उघडून आत उतरा म्हणून सांगितलं. नाना झाकणावर बसले. टाकी वरूनच, बांबूने आणि पंपाने साफ होईल, दोन दिवस लागतील, असं त्यांनी सांगितलं. शेठला दोन दिवस नको होते. तेव्हा नाना म्हणाले, “उतरनं व्हई तर पहिले शेठले उतरू द्या.” नोकरी त्याच संध्याकाळी गेली. मजूर उतरले नाहीत, एवढंच महत्त्वाचं, असं म्हणून त्यांनी भाकरी मोडली. मी त्या वेळी हसलो होतो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

आता तीन नंबरच्या टगबद्दल.

तिची मोठी दुरुस्ती झाली तेव्हा न्हाणीखालचा गंजलेला लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचा टाकला. काम एका कंत्राटदाराने केलं. तो बिल्डिंगांची कामं करणारा. टग आमच्या धक्क्यालाच उभी होती. दुरुस्ती संपल्यावर पहिल्या फेरीतच तक्रार आली की न्हाणीतलं पाणी जात नाही. तक्रार करणारा होता बाबूकाका, वलसाडकडचा जुना खलासी, वय अठ्ठावन्न, अंगात साखर. कोळशाच्या कामावरून आलेल्या माणसाला आंघोळ चुकवता येत नाही. आठ जणांच्या अंगावरचा कोळसा, साबण आणि केस त्या न्हाणीत उतरायचे आणि घोट्याएवढ्या काळ्या पाण्यात पुढच्याने उभं राहायचं. बाबूकाकांच्या डाव्या तळव्याला भेग पडली होती. पाय कोरडा ठेवा, असं डॉक्टरने बजावलं होतं. म्हणून ते बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहून आंघोळ करायचे, हलत्या टगवर, एका हाताने खिडकीची दांडी धरून. बाकीचे खलासी त्यांना ‘बगळा’ म्हणायचे.

नानांनी जाऊन मोरी साफ केली. ओंजळभर केस आणि कोळशाचा गाळ निघाला. पाणी सरळ गेलं, शेवटचा आवाजही आला. चार दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. नानांनी पुन्हा साफ केली. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर साहेब स्वतः मला घेऊन पाहणीला गेले. मी वीस लिटरची बादली ओतली आणि घड्याळ पाहिलं. एकेचाळीस सेकंदांत न्हाणी कोरडी झाली. मी दोनदा ओतली, कारण एका मोजणीवर माझा विश्वास नसतो. दुसऱ्यांदा एकोणचाळीस. मी रजिस्टरात आकडे लिहिले आणि पुढे लिहिलं, ‘निचरा समाधानकारक.’ सही केली. साहेबांनी कोरड्या फरशीचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि बाबूकाकांना सगळ्यांसमोर विचारलं की आता बोला.

बाबूकाका पायाकडे बोट दाखवत म्हणाले, “साहेब, हुं खोटुं नथी बोलतो. ए पाणी मारा पगने खाय छे.”

त्यांना ताकीदपत्र मिळालं. न्हाणीत कचरा टाकून खोटी तक्रार करणे, असा मजकूर होता. ते टाइप करून मीच दिलं.

नाना त्या दिवशी पाहणीला नव्हते. रजिस्टर पाहून त्यांनी मला विचारलं, बादली किती वाजता ओतली. मी सांगितलं, सव्वाअकरा. त्यांनी भिंतीवरचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहिला आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना न विचारता तीन नंबरवर चढून समुद्रात गेले. परत आले ते थेट माझ्या टेबलाशी. चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “तुमनं घड्याळ बरोबर शे, भाऊसाहेब. पन बोट चिखलमा बठेल शे.”

एवढं ऐकल्यावर नानांना पुढचं मला हाताने दाखवायची गरज पडली नाही. तापीच्या या तोंडाला भरतीला पाणी धक्क्याला लागतं आणि ओहोटीला टगच्या बुडाखालून निघून जातं. टग काठाच्या चिखलात बसते. काठ नदीकडे उतरता, त्यामुळे ती दर वेळी नदीच्या बाजूला कलून बसते. कंत्राटदाराला काम करायला टग स्थिर हवी होती, म्हणून तो ओहोटीलाच यायचा. घरातली मोरी बसवतात तशी त्याने चोख पाणसळ लावली आणि नदीच्या बाजूला बाहेर पडण्याच्या तोंडाकडे दीड इंच उतार दिला. पण टगच त्या वेळी दहा फुटांत चार इंच कललेली होती. म्हणजे भरतीला ती सरळ झाली की त्याच दहा फुटी पाइपाला अडीच इंचांचा चढ. पाणी वर चढणार कसं? ते पाइपात उभं राहायचं, त्यात कोळसा बसायचा आणि मोरी तुंबायची. टग तरंगत असेल तेव्हा खलासी आंघोळ करायचे. टग रिकामी, म्हणजे चिखलात असेल तेव्हा साहेब पाहणीला यायचे, कारण भरतीला ती कामावर असायची. दोघांनी पाहिलेलं खरंच होतं. पण ताकीदपत्र एकालाच मिळालं.

पुढच्या भरतीला मी स्वतः टगवर गेलो. तीच बादली, तेच घड्याळ. अकरा मिनिटांनंतरही न्हाणीत दोन बोटं पाणी होतं. मी ते लिहिलं, भरतीची वेळ लिहिली आणि वरच्या जुन्या नोंदीपुढे लिहिलं की ही मोजणी टग चिखलात असताना केली होती, ती ग्राह्य धरू नये. एकवीस वर्षांत मी स्वतःची नोंद रद्द केली ती एवढी एकच. माझे सेकंद बरोबर होते, पण बोट कुठे उभी आहे हे न लिहिता मी ते लिहिले होते. आकड्यांची काळजी घेणाऱ्या माणसाला याहून लाजिरवाणी चूक करता येत नाही.

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. नानांनी टेबलावरची पट्टी घेतली, तिच्यावर पेन ठेवला, पट्टी कलती केली, सरळ केली. लहान मुलाला कळेल इतकं स्पष्ट होतं ते. साहेबांनाही कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं, म्हणून तर माझा राग अजून जात नाही. ज्याला कळलंच नाही त्याच्यावर रागावता येत नाही. पण दुरुस्तीच्या कागदावर ‘काम तपासले, योग्य आहे’ अशी साहेबांची सही होती. ते पट्टी परत घेत नानांना म्हणाले, “नाना, आप मोरी साफ करो, जहाज मत बनाओ.” दीड वर्षाने पुढची मोठी दुरुस्ती येईल तेव्हा पाहू. तोवर दर आठवड्याला ॲसिड टाका. दुसऱ्या दिवशी ॲसिडच्या सहा बाटल्या आल्या. नानांनी त्या स्टोअरच्या फळीवर रांगेत लावल्या, तारीख टाकून, आणि एकीचंही बूच उघडलं नाही. ते दर भरतीला धक्क्यावर थांबू लागले. टग लागली की चिखलात बसायच्या आत चढायचे आणि पाइप उपसायचे. रविवारीसुद्धा.

चार टग आणि एक माणूस. प्रत्येक भरतीला ते शक्य नव्हतं. तीन महिन्यांनी बाबूकाकांच्या डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. ऑफिसात साहेब म्हणाले, साखर होती ना त्यांना. होती. साखर होतीच. साखर असलेल्या पायाला रोज कोळशाच्या पाण्यात कोणी उभं केलं, एवढाच प्रश्न आहे, आणि तो आमच्या कोणत्याही कागदावर नाही.

बाबूकाका दोन महिन्यांनी कामावर परत आले. घरी बसणं त्यांना परवडणारं नव्हतं. डॉक्टरने सांगितलं होतं की जखम पुन्हा भिजत राहिली तर आता बोटावर भागणार नाही, पाऊल जाईल. त्यांना तीन नंबरवरच पाठवलं. दुसऱ्या टगवर बदली करा, असा अर्ज मी लिहून दिला होता. तो साहेबांनी ताकीदपत्राचा हवाला देऊन नाकारला.

त्या संध्याकाळी नाना माझ्या घरी आले. चहा घेतला नाही. मोरीकडेही गेले नाहीत. त्यांना फक्त एक हिशेब तपासून हवा होता. पाइपाचं बाहेरचं तोंड टगच्या पत्र्यात आहे, ते हलवता येत नाही. मग न्हाणीच उचलली तर? अडीच इंच चढ मोडायला आणि वर दीड इंच उतार द्यायला किती? मी म्हटलं, चार. त्यांनी चारच काढले होते, पण दुसऱ्याकडून ऐकायचे होते. मी म्हटलं, नाना, परवानगीशिवाय टगमध्ये फेरफार केला तर नोकरी जाईल. ते म्हणाले, “मन्ही नोकरी मोठी का त्याना पाय?”

हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता, की स्वतःला, हे मला कळलं नाही.

टग समुद्रात नांगर टाकून उभी असताना, पूर्ण तरंगती, नानांनी काम केलं. खलाशांनी कोळसा झाडलेली लाकडं घासून दिली. न्हाणीचा तळ उचलून खाली चार इंचांच्या लाकडी पट्ट्या ठोकल्या, पाइपाचं आतलं तोंड वर घेतलं, जोडांना नवं रबर लावलं. पाइपाच्या मधल्या वळणाला एक झाकण ठेवलं, गाळ तिथून हाताने काढता यावा म्हणून. सुटी निघणारी जाळी बसवली. दारात एक पायरी झाली, तिला पांढरा रंग दिला, कोणी ठेचकाळू नये म्हणून. पाणसळ त्यांनी वापरली नाही. बादलीच ओतून पाहत राहिले, टग डुलत असताना, दहा-बारा वेळा. परत आल्यावर मी भरतीलाही मोजलं आणि ओहोटीलाही. अठ्ठेचाळीस सेकंद आणि एकोणतीस. दोन्ही लिहिले, बोटीची स्थिती लिहून.

साहेबांना पायरी दिसली. जाब मागणारं पत्र आलं. विनापरवानगी फेरफार केल्याबद्दल लेखी माफी द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका. नाना माझ्याकडे आले आणि म्हणाले, लिहा, मी सांगतो, तुम्ही हिंदीत लिहा. मी कागद घेतला. त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं. दर शनिवारी जाळी काढून केस आकड्याने काढणे. महिन्यातून एकदा मधलं झाकण उघडून गाळ उपसणे. उकळतं पाणी टाकू नये, प्लास्टिक वाकतं. ॲसिड टाकू नये. पाहणी करायची तर बोट तरंगत असताना करणे. एवढं झाल्यावर ते थांबले. मी म्हटलं, नाना, यात माफी कुठे आहे? ते म्हणाले, जे मोरी साफ करतील ते वाचतील, त्यांच्या कामाचं लिहिलं आहे. खाली त्यांनी मोठ्या वळणाची सही केली. ‘सुपडू’ एवढंच लिहायला त्यांना बराच वेळ लागला.

साहेबांनी कागद वाचला, खिडकी उघडायला सांगितली आणि नानांना गेटपास जमा करायला लावला. मी माझ्या जागेवर बसून होतो. मी नोकरीत राहिलो, अजून आहे. नानांबद्दल लिहिताना हेही लिहिलं पाहिजे. त्यांचा तो कागद मी न्हाणीच्या दारामागे प्लास्टिकमध्ये घालून लावला. काढा म्हणून सांगितलं गेलं, मी काढला नाही. माझ्या हातून तेवढंच झालं.

नाना पुढे गावी गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी. पास जमा करून ते धक्क्याकडे वळले. पहारेकऱ्याने अडवलं नाही. भरती होती, तीन नंबर नुकतीच येऊन लागली होती आणि तिच्या अंगावर कोळसा होता. मी रजिस्टर घेऊन मागून गेलो. बाबूकाका आंघोळ करून न्हाणीतून बाहेर आले, पांढऱ्या पायरीवर बसले. टगच्या कुशीतून काळं पाणी धार धरून नदीत पडत होतं. नानांनी तिकडे पाहिलं नाही. ते बाबूकाकांसमोर उकिडवे बसले, त्यांचा डावा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला आणि पिशवीतल्या फडक्याने उरलेल्या तीन बोटांच्या बेचक्या एकेक करून पुसू लागले. बाबूकाका पाय ओढून घेत होते, अरे रहेवा दो, रहेवा दो म्हणत होते. नानांनी पाय सोडला नाही. त्यांनी तो उन्हाकडे वळवला, चष्मा खाली घेतला आणि प्रत्येक बोट लांबवून, कोरडं झालं की नाही ते नीट पाहिलं.